निश्चिंतरावांनी फोडलेलं बाथरूम

घराचं काम काढताना कंत्राटदाराकडून फसवणूक होऊ नये म्हणून काय काय करावं, हे मला कुणी विचारलं तर मी अगदी अधिकारवाणीनं सांगू शकते, कारण आम्ही ते सगळं केलं होतं. ओळखीतला माणूस घेतला. त्याचं आधीचं काम पाहिलं. अटी लिहून घेतल्या. एवढं सगळं करून फसायला वेगळीच हुशारी लागते, आणि ती आमच्या घरात भरपूर आहे.

ओळख करून दिली ती शेजाऱ्यांनी. त्यांच्या गच्चीचं काम याच माणसाकडे होतं, आणि ते त्याचं इतकं तोंडभरून कौतुक करत होते की माणूस म्हणजे हिराच असणार, असं मला वाटलं. गच्ची अर्धवट पडली आहे आणि 'आणखी एक गिऱ्हाईक मिळवून द्या, मग तुमचं पुरं करतो' असं त्यानं त्यांना सांगितलं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेजाऱ्यांनी स्वतःच्या गळ्यातली धोंड अलगद आमच्या गळ्यात बांधली होती. गच्ची अजूनही तशीच आहे, त्यामुळे आमचा त्यांच्यावर फारसा राग नाही.

आधीचं काम त्यानं फोनवर दाखवलं. एका फोटोत इतकं लखलखीत बाथरूम होतं की नवऱ्यानं तो फोटो मोठा करकरून पाहिला. नळ पाहिले, आरसा पाहिला, फरशीचे सांधे पाहिले. कमोडच्या झाकणावर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी तेवढी त्याला दिसली नाही. ते दुकानात गिऱ्हाइकांसाठी मांडून ठेवलेलं बाथरूम होतं. तिथे आजवर कुणी हातसुद्धा धुतला नसेल. माझा नवरा विमा कंपनीत दावे तपासायला आहे. कोण खोटं बोलतंय हे ओळखायचा त्याला पगार मिळतो.

अटीही नवऱ्यानंच लिहिल्या. उशीर झाला तर काय, सामान हलकं निघालं तर काय, भिंतीला तडा गेला तर काय. कंत्राटदारानं एक अक्षरही न वाचता प्रत्येक पानावर हसतमुखानं सही केली. जो माणूस अटी पाळणार असतो तो निदान वाचतो तरी, हे तेव्हाच आमच्या डोक्यात यायला हवं होतं.

काम तसं लहानसं होतं, पण ते अडून चालणार नव्हतं. सासूबाई जिना उतरताना पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं की आता जिना बंद, उकिडवं बसणं बंद, आणि पाय घसरेल अशा जागी एकट्यानं जायचं नाही. आमच्या घरी खालच्या मजल्यावर त्यांच्या खोलीला लागून जे बाथरूम होतं, त्यात जिना सोडून बाकी सगळे गुण होते. उंबरा असा की धडधाकट माणसानंही ठेचकाळावं. म्हणून ठरलं की उंबरा काढायचा, खरखरीत फरशी घालायची, कमोड बसवायचा आणि भिंतीला धरायला दांडा लावायचा. तोवर सासूबाई माझ्या नणंदेकडे राहतील. तिच्याकडे लिफ्ट आहे आणि बाथरूमही चांगलं आहे. सासूबाईंनी जाताना एक लहानशी पिशवी घेतली. "चार कपडे पुरेत, मी काय तिथे राहायला चालले आहे?" असं म्हणाल्या.

आता त्या माणसाबद्दल. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कमरेला मोजायची टेप. बोलणं मऊ. दर दुसरं वाक्य 'तुम्ही निश्चिंत राहा', म्हणून मी त्याचं नाव निश्चिंतराव ठेवलं आणि तेव्हापासून त्यांना अहोजाहो करते, कारण एवढ्या थोर माणसाला अरेतुरे करणं बरं नव्हे. त्यांची एक खास सवय होती. ते घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून मत विचारायचे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर लोक माझ्याशी फक्त 'माझा नंबर कधी?' एवढंच बोलतात. मान तिरकी करून 'वहिनी, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारणारा पुरुष मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. मी विरघळले.

पहिल्या दिवशी ते वेळेच्या आधी आले. बरोबर घण घेतलेली दोन माणसं. दुपारच्या जेवणापर्यंत संडासाचं जुनं भांडं उखडलं, फरशी उखडली, नळ काढले, दाराची चौकट काढली, आणि उंबरा तर असा फोडला की वैर असावं. इतकी मेहनत, इतका उत्साह मी क्वचितच पाहिला आहे. संध्याकाळी आत फुटक्या विटा-फरशांचं नुसतं डबर, दोन गोणी सिमेंट आणि भिंतीतून बाहेर डोकावणारा एक पाइप उरला. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "काय झपाट्यानं काम करतो रे माणूस." फोडलेल्या बाथरूमला दुसरा कुणी गवंडी सहजासहजी हात लावत नाही, प्रत्येक जण 'ज्यानं फोडलं त्यालाच बोलवा' म्हणतो, हे ज्ञान मला पुढे झालं. फोडणं हे त्यांचं काम नव्हतंच. ती त्यांची जागा धरून ठेवण्याची रीत होती.

त्यानंतर निश्चिंतराव दिसेनासे झाले.

न येण्याची कारणं मात्र नियमित येत राहिली, आणि इथेच त्यांचं वेगळेपण कळतं. इतर कंत्राटदार काम टाळायला स्वतःची आजी मारतात, स्वतःच्या पोराला ताप आणतात. निश्चिंतरावांनी आपल्या घरातल्या कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. त्यांनी आमचीच माणसं वापरली.

नवऱ्यानं फोन केला की ते म्हणत, "साहेब, माझी माणसं तयार आहेत हो, पण वहिनींना फरशीचा रंग पसंत नाही ना." नवरा घरी येऊन माझ्यावर उखडायचा. "रंग कसला बघत बसलीयस? आई तिकडे अडकलीय." मी म्हणायचे की मी असं काही बोलले नाही. आणि मग मला आठवायचं की बोलले होते. निश्चिंतरावांनी नमुना हातात देऊन विचारलं होतं, "वहिनी, हा जरा काळपट नाही वाटत?" मी म्हटलं होतं, "वाटतो थोडा." एवढंच. त्या 'थोडा'वर एक आठवडा निघाला.

मी फोन केला की ऐकू यायचं, "वहिनी, तुमचंच काम डोक्यात आहे. पण साहेब म्हणाले, दांडा किती उंचीवर लावायचा ते ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही." मग मी नवऱ्याचा समाचार घ्यायचे. तो हात वर करायचा. पण दांडा आईच्या हाताला येईल असा हवा, असं तो कधीतरी म्हणाला होताच. निश्चिंतराव धादांत खोटं कधीच बोलले नाहीत. आमच्याच तोंडचा एक घास घ्यायचे आणि त्याला आपल्या घरची फोडणी घालायचे. आम्ही दोघं एकमेकांवर इतके चिडलेले असायचो की त्यांच्यावर चिडायला कुणी शिल्लकच राहत नसे. जेवताना आम्ही फरशीवरून भांडायचो, जेवण झाल्यावर दांड्यावरून. एकदा तर नवरा मला म्हणाला, "तो बिचारा रोज यायला तयार आहे. तुझाच पाय निघत नाही दुकानापर्यंत." बिचारा! मी त्या दिवशी वरच्या खोलीत झोपायला गेले नाही, खालीच सिमेंटच्या वासात पडून राहिले. कमरेला उसण भरली, एवढाच काय तो फायदा.

एकदा मात्र ते स्वतः आले. काम करायला नव्हे, आगाऊ रकमेचा पुढचा हप्ता मागायला. मी त्यांना त्या डबराच्या दारात उभं केलं. माझा स्वभाव असा आहे की राग आला की मला सरळ बोलता येत नाही, तिरकं येतं. मी म्हटलं, "कशाला त्रास घेताय? राहू द्या आता. याचं कोठीघरच करून टाका. गोण्या ठेवायला बरं पडेल." निश्चिंतरावांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं. "तुम्ही निश्चिंत राहा, वहिनी," म्हणाले आणि गेले. हप्ता दिला नाही म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

सासूबाईंना मी रोज फोन करत होते. सुरुवातीला त्या 'उंबरा गेला का? दांडा कुठला आणला?' असं विचारायच्या. पुढे पुढे फक्त 'बरं', 'हो', 'ठेवते' एवढंच. मी निश्चिंतरावांना म्हटलं, "अहो, आईंचा तरी विचार करा." ते म्हणाले, "मी रोज बोलतो ना मावशींशी. दांड्याची उंची विचारायला साहेबांनीच नंबर दिला होता. त्या म्हणाल्या, काही घाई नाही, मला लेकीकडेच बरं वाटतंय." मला ते लगेच खरं वाटलं. थोडं टोचलं, पण नवल नाही वाटलं. लेक ती लेक, असं मनाशी म्हणून मी कामाला लागले. आणि खरं सांगायचं तर सकाळी चहाच्या साखरेवरून कुणी बोलत नव्हतं, त्याचंही बरं वाटत होतं. मग मीही फोन लहान करत गेले.

नणंदेचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात होते. दोन पेशंट समोर गाल धरून बसले होते.

"आईची शिवणाची मशीन पाठवून दे," ती म्हणाली. "आणि तिच्या कपाटातले सगळे कपडे, उशी, आणि खिडकीपाशी असते ती तिची खुर्ची."

"सगळे कपडे? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमची सोय व्हावी म्हणून. तुम्हाला खोली मोकळी करून हवी आहे ना."

फोन ठेवून दिला तिनं. शिवणाची मशीन म्हणजे सासूबाईंचा जीव. आमच्या घरात ती माझ्या आधी आली. ती उचलून न्यायला सांगणं म्हणजे चार कपड्यांनिशी गेलेलं माणूस आता कायमचं चाललं. मी समोरच्या पेशंटला दुसऱ्याचाच नंबर दिला, नवऱ्याला फोन करून सरळ तिकडे यायला सांगितलं आणि रिकाम्या हातांनी नणंदेकडे गेले. मशीन न्यायचा प्रश्नच नव्हता. मी भांडायला चालले होते.

सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, वॉकर हाताशी. चेहरा वाळलेला. माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे पाहायला लागल्या. नवरा दारातच चपला काढत उभा राहिला. नणंद म्हणाली, "आता बोलून काय उपयोग? काम तूच थांबवलंस."

"मी थांबवलं, ताई? कोण म्हणालं?"

"तुमचा कंत्राटदार. रोज फोन करतो बिचारा आईला. म्हणाला, मावशी, माझी माणसं तयार आहेत, पण वहिनी म्हणतात राहू द्या. त्यांना तिथे कोठीघर करायचंय."

मी म्हटलं, "ते मी रागानं म्हटलं होतं. त्याला टोमणा मारला होता, आई."

सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "तोच म्हणाला, वहिनींचे शब्द सांगतो, गोण्या ठेवायला बरं पडेल. मी ओळखलं ना, वाक्य तुझंच आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून असं येतच नाही. तो जोडून सांगत असता तर मला कळलं असतं."

माझ्या जिभेवर मला आजवर फार अभिमान होता. माहेरी, सासरी, दवाखान्यात लोक मला वचकून असतात. ती जीभ माझ्याच सासूकडे पोचती करायला निश्चिंतरावांना एक पैसा खर्च आला नव्हता.

"आणि तुम्ही म्हणालात ना, काही घाई नाही, लेकीकडेच बरं वाटतंय?" मी विचारलं.

"मी?" सासूबाईंचा आवाज चढला. "तो म्हणाला, मावशी, तिकडे लेक करतेय ना नीट? मी म्हटलं, लेक करते हो सगळं. मग काय, करत नाही म्हणून सांगू परक्या माणसाला?"

नवरा खुर्चीत बसला. त्यानं फरशीचं विचारलं, मी दांड्याचं विचारलं. नणंद म्हणाली की तिलाही फोन आला होता, 'ताई, आईंना इतक्यात हलवू नये, असं साहेबांचं मत आहे' म्हणून. एकेक धागा काढत गेलो तसं प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं अर्धं वाक्य निघालं. इतके दिवस आम्ही चौघं एका माणसामार्फत बोलत होतो आणि त्याला कामावर यायचं नव्हतं.

सासूबाईंनी स्वतःच्या फोनवरून निश्चिंतरावांना फोन लावला. त्यांचा फोन ते पहिल्याच घंटेला घ्यायचे. स्पीकर लावला आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली.

"मावशी, बोला. तब्येत काय म्हणते?"

"बाथरूम काय म्हणतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"काय सांगू मावशी, माझी फार इच्छा आहे. पण वहिनींपुढे माझं काही चालत नाही."

"वहिनी इथेच आहेत," मी म्हटलं.

पलीकडे जरासुद्धा अडखळणं नाही. त्या कलेचं मला आजही कौतुक वाटतं. "वहिनी, बरं झालं भेटलात. तुमची काही चूक नाही, मी मावशींना तेच सांगत होतो. साहेबांचा निर्णय होईना ना."

"मी पण इथेच आहे," नवरा म्हणाला.

"साहेब, नमस्कार. तुम्ही तर मोकळीकच दिली होती. ताईंनी सांगितलं, आईंना इतक्यात हलवायचं नाही, म्हणून मग मीच म्हटलं…"

"मी काहीही सांगितलं नव्हतं," नणंद म्हणाली.

आता मात्र घरातली माणसं संपली होती. मग निश्चिंतरावांनी अतिशय मोकळेपणानं विचारलं, "सगळे एकत्र जमलात वाटतं? काही कार्य आहे का घरी?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझी पाठवणी."

"मावशी, उद्या सकाळी माणसं पाठवतो. तुम्ही अगदी निश्चिंत…"

"उद्या येऊ नकोस. परवाही नको. आलास तर दारात मी बसलेली असेन, आणि मला सध्या दुसरं काही काम नाही." त्यांनी फोन बंद केला आणि पदरानं पुसून उशीखाली ठेवला, जणू काही त्याला घाण लागली होती.

बाथरूम पुढे झालं. दुसऱ्या गवंड्यानं केलं. तो तुसडा होता, कशालाच हो म्हणायचा नाही, आणि काहीही विचारायचं असलं तर आम्ही सगळे जमल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचं नाही असा आमचा नियम होता. त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, कारण तो वेळेवर यायचा, आणि वेळेवर येणाऱ्या माणसाची गोष्ट होत नाही.

पण त्या संध्याकाळी ते सगळं पुढचं होतं. नणंद चहा ठेवायला आत गेली, नवरा तिच्यामागे गेला. दोघंही मुद्दाम गेली, ते कळत होतं. खोलीत आम्ही दोघी राहिलो. माझ्या मनातून ते जात नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"आई, इतकी वर्षं एका घरात काढली आपण. त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. त्याचं खरं वाटलं तुम्हाला?"

सासूबाईंनी वॉकरच्या रबरी मुठीवरून बोट फिरवलं. "वाटलं."

"एक फोन करून मला विचारायचं तरी."

"तू विचारलंस का मला? मी लेकीकडे रमले, असं तो म्हणाला तेव्हा?"

मी त्यांच्या चादरीची सुरकुती सरळ करायला लागले.

"तुलाही खरं वाटलंच ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "त्यानं काही नवीन नाही सांगितलं. तुझ्या मनात जे होतं ते तुला सांगितलं, माझ्या मनात होतं ते मला."

मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं, एवढी सभ्यता त्यांच्याकडे आहे. मग म्हणाल्या, "मी आज घरी येते."

"आज? आई, तिथे काही नाहीये. नुसतं डबर आहे. दाराची चौकटसुद्धा काढलेली आहे."

"माहीत आहे. खोलीत ठेवायची खुर्ची मिळते ना, भांडं लावलेली, हॉस्पिटलात होती तशी. ती आणू." पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. इथे लेकीच्या घरी त्या स्वतःच्या पायांनी चालत बाथरूममध्ये जात होत्या. "मला वाकता येत नाही. ते भांडं रोज दुसऱ्या कुणाला तरी उचलावं लागेल. लेकाला मी ते करू देणार नाही. म्हणजे तुलाच."

माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं. अगदी झणझणीत, खास माझं, आणि त्यावर त्यांनाही कदाचित हसू आलं असतं. मी ते गिळलं.

"उचलेन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "टोमणा नाही ना?"

"नाही, आई."

त्या आतल्या खोलीकडे वळून लेकीला म्हणाल्या, "माझी पिशवी काढ गं."